फाटक लावून घ्या: मेनोर्का बेटावरचे सहा दिवस

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)

एरवी मी इथे कोणाला तरी बोलावते आणि प्रश्न विचारते. आज पाहुणं कोणी नाही. आज मी एकटीच बोलणार आहे, कारण मे महिन्यात मी सहा दिवस एका बेटावर एकटी चालत होते, आणि तिथून आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. प्रवासाची माहिती सगळी देते, ज्यांना जायचंय त्यांना उपयोगी पडेल. ती गोष्ट मात्र शेवटी सांगेन. ती आमच्या घरातली आहे आणि सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागणार आहे.

नवीन श्रोत्यांसाठी माझी ओळख. मी सातारा जिल्ह्यातली, कोरेगाव तालुक्यातली. पुण्यात बीटेक केलं, चार वर्षं हिंजवडीत काढली आणि गेली अडीच वर्षं बर्लिनमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काम बॅकएंडचं. दर तीन आठवड्यांनी ऑन-कॉल असतं, म्हणजे रात्री तीनला सर्व्हर पडला तर फोन माझा वाजतो. या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तो फारच वाजला. शेवटी अशी वेळ आली की फोन वाजत नसतानाही मला तो वाजल्यासारखा वाटायचा. मॅनेजर म्हणाला, सुट्टी घे. मी म्हटलं, घेते, पण सुट्टीत करू काय?

आमच्या घरात सुट्टीत चालायला जाणं हा प्रकार नाही. चालायचं ते वारीला, नाहीतर एसटी चुकली म्हणून. माझी आजी आळंदी ते पंढरपूर अनेकदा चालली. तिला मी सांगितलं असतं की लोक पैसे भरून, परदेशात जाऊन, देव नसलेल्या ठिकाणी चालतात, तर ती म्हणाली असती, "मग पोचायचं कुठं?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर मला सहाव्या दिवशी मिळालं.

तर जागा. स्पेनच्या पूर्वेला भूमध्य समुद्रात बालेआरिक बेटं आहेत. मायोर्का आणि इबिसा ही नावं तुम्ही ऐकली असतील. त्यातलं सगळ्यात पूर्वेचं बेट म्हणजे मेनोर्का. लांबी साधारण ५० किलोमीटर. सर्वांत उंच टेकडी, मोंते तोरो, ३५८ मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडच. या बेटाभोवती, किनाऱ्याकिनाऱ्याने, पूर्ण वळसा घालणारी एक वाट आहे. तिचं नाव कामी दे कवाल्स, म्हणजे घोड्यांची वाट. लांबी १८५ किलोमीटर. अधिकृत टप्पे २०. युरोपात लांब पल्ल्याच्या पायवाटांना क्रमांक देतात, तसा हिचा क्रमांक जीआर २२३.

मी पूर्ण केली नाही, हे आधीच सांगते. मी उत्तरेकडचे पहिले १० टप्पे केले, पूर्वेच्या माओ शहरापासून पश्चिमेच्या सिउतादेया शहरापर्यंत. सुमारे ९४ किलोमीटर, सहा दिवसांत.

आता 'सेल्फ-गायडेड' म्हणजे काय, कारण हे मलाही माहीत नव्हतं. एक कंपनी तुमच्या मुक्कामाच्या खोल्या ठरवून देते, तुमची मोठी बॅग एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर गाडीने पोचवते, तुम्हाला नकाशा आणि फोनमध्ये टाकायची जीपीएक्स फाइल देते, आणि अडचण आली तर एक नंबर. बस. गाइड नाही, ग्रुप नाही, शिट्टी वाजवणारं कोणी नाही. उत्तर किनाऱ्यावर वस्ती फार विरळ आहे, त्यामुळे काही टप्प्यांच्या शेवटी टॅक्सी येते, मुक्कामाला नेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी आणून सोडते. चालणं मात्र तुमचं तुम्हीच.

ही वाट कशी झाली ते थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. भूमध्य समुद्राच्या मधोमध असलेलं बेट म्हणजे ज्याचं आरमार मोठं त्याचा त्यावर डोळा. १५३५ मध्ये बार्बारोसाने माओ लुटलं. १५५८ मध्ये तुर्की आरमाराने सिउतादेया उद्ध्वस्त केलं आणि तिथल्या हजारो लोकांना गुलाम म्हणून कॉन्स्टँटिनोपलला नेलं. पुढे १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने बेट ब्रिटिशांकडे गेलं. मग फ्रेंच आले, पुन्हा ब्रिटिश, मग स्पॅनिश, तिसऱ्यांदा ब्रिटिश, आणि १८०२ मध्ये कायमचं स्पेनकडे. १७५६ मध्ये हे बेट फ्रेंचांच्या हाती गेलं म्हणून ब्रिटिशांनी आपल्याच अ‍ॅडमिरल बिंगला पुढच्या वर्षी गोळ्या घालून मारलं होतं. एवढं हे बेट त्यांना मोलाचं होतं.

अशा बेटाचा किनारा राखायचा तर टेहळणीचे बुरूज लागतात, आणि एका बुरुजावरून दुसऱ्यावर घोडेस्वाराला झटकन जाता यायला हवं. त्यासाठी ही वाट. तिचं मूळ चौदाव्या शतकापर्यंत मागे नेतात. तेव्हाच्या राजाने बेटावरच्या ठरावीक जमीनदारांना बेटाच्या रक्षणासाठी सज्ज घोडा बाळगायला लावला होता. म्हणजे वाट लोकांच्या जमिनीतून जायची, पण ती अडवायची नाही, कारण ती सगळ्यांच्या रक्षणाची.

पुढे बुरुजांचं काम संपलं. घोडे गेले. विसाव्या शतकात किनाऱ्यावर हॉटेलं आणि बंगले आले, जमिनींना भाव आला, आणि ही वाट ज्यांच्या शेतांतून जायची त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती बंद केली. कुठे कुलूप, कुठे काटेरी तार. अनेक वर्षं बेटावरच्याच लोकांना स्वतःच्या बेटाभोवती फिरता येत नव्हतं. १९९० च्या दशकात लोक एकत्र आले, बंद केलेल्या वाटेवरून चालत जाऊन निषेध करायला लागले. अखेर २००० मध्ये बालेआरिक संसदेने या एका वाटेसाठी कायदा केला. अख्खा कायदा, एका पायवाटेसाठी! कायद्याने या वाटेवरून सगळ्यांना जायचा हक्क मिळाला. मग बेटाच्या प्रशासनाने मालकांशी बोलणी केली, वाट दुरुस्त केली, खुणा लावल्या, आणि २०१० मध्ये पूर्ण वळसा खुला झाला. आज पायी, घोड्यावर किंवा सायकलवर कोणीही जाऊ शकतं.

हे सगळं मी विमानात वाचलं होतं. छान माहिती आहे म्हणून वाचलं आणि सोडून दिलं.

पहिला दिवस. माओचं बंदर मागे टाकून एस ग्राऊ नावाच्या पांढऱ्या घरांच्या कोळी गावापर्यंत १० किलोमीटर, आणि तिथून पुढे फावारिचच्या दीपगृहापर्यंत साडेआठ. पहिल्या तासाभरातच वाटेवर एक फाटक आलं. लाकडी. जंगली ऑलिव्हच्या वाकड्या फांद्या जशाच्या तशा वापरून केलेलं, त्यामुळे एकही पट्टी सरळ नाही. दोन्ही बाजूंना दगडी भिंत, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पलीकडे गायी.

आणि मी थांबले. खरंच थांबले, मिनिटभर. जीपीएस सांगतोय पुढे जा. खुणेचा लाकडी खांब सांगतोय पुढे जा. पण माझं डोकं सांगतंय की हे कोणाचं तरी शेत आहे, आत शिरलीस तर कोणी ओरडेल. मागून एक म्हातारं जोडपं आलं, त्यांनी फाटक उघडलं, माझ्यासाठी धरून ठेवलं, मी पलीकडे गेले, त्यांनी फाटक लावलं, कडी घातली, ओढून पाहिली आणि हसून पुढे गेले. एवढंच. त्या सहा दिवसांत मी अशी किती फाटकं उघडली आणि लावली याचा हिशेब ठेवला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून हात आपोआप कडीकडे जायला लागला. नियम एकच: जसं होतं तसं ठेवायचं. वाट तुमची, गायी मालकाच्या.

फावारिचला पोचल्यावर वाटलं आपण दुसऱ्याच ग्रहावर आलोय. काळा, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड, झाड नाही, आणि त्यात १९२२ मध्ये बांधलेलं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह. मेनोर्काचे दोन भाग आहेत. दक्षिणेला पांढरा चुनखडीचा दगड, निळंशार पाणी, इन्स्टाग्रामवर दिसतं ते सगळं. उत्तरेचा दगड फार जुना, काळा, कुठे कुठे लाल. तिथे उत्तरेकडून एक वारा येतो, त्याला त्रामुंताना म्हणतात. झाडं त्याने इतकी वाकलेली असतात की जणू सगळी पाठ करून उभी आहेत.

दुसऱ्या दिवशी साडेतेरा किलोमीटर. मिठागरांच्या कडेने अद्दायाच्या खाडीशी. नोव्हेंबर १७९८ मध्ये ब्रिटिश फौजा याच भागात उतरल्या आणि त्यांनी तिसऱ्यांदा बेट घेतलं. आता तिथे छोट्या होड्या बांधलेल्या असतात आणि लोक कॉफी पितात. तिसऱ्या दिवशी फोर्नेल्सजवळ मुक्काम. फोर्नेल्स लॉबस्टरच्या रश्शासाठी प्रसिद्ध आहे. मी मेन्यू पाहिला, किंमत पाहिली, आणि टोमॅटो चोळलेला पाव, वर ऑलिव्हचं तेल आणि माओचं चीज असं खाल्लं. अतिशय चांगलं लागतं. शाकाहारी मंडळींसाठी एक इशारा: तिथे एन्साइमादा नावाचा गोल, वेटोळ्यासारखा गोड पाव सगळीकडे मिळतो. दिसायला निष्पाप, पण मुळात डुकराच्या चरबीत करतात. नावातच चरबी आहे. आमचं घर माळकरी, मी वेळेवर विचारलं म्हणून वाचले.

चौथा दिवस मुद्दाम छोटा ठेवला होता, साडेनऊ किलोमीटर. कवालेरियाच्या टोकाकडे रोमन काळातलं बंदर होतं, तिथे सानित्हाच्या खाडीच्या तोंडाशी ब्रिटिशांनी बांधलेला बुरूज अजून उभा आहे, एका बाजूने ढासळलेला. मी त्याच्या सावलीत बसून डबा खाल्ला. त्या दिवशी त्रामुंतानाची ओळख झाली. टोपी उडाली ती थेट समुद्रात. पण गंमत अशी की त्या वाऱ्याच्या आवाजात मला चार दिवसांत पहिल्यांदा जाणवलं की फोन वाजल्याचा भास बंद झालाय. कधी बंद झाला ते कळलंही नाही.

पाचवा दिवस. याबद्दल नीट सांगते, कारण इथे माझी चूक झाली. बिनिमेलापासून अल्गायारेन्सपर्यंत दोन टप्पे एकत्र, साडेअठरा किलोमीटर. आकडा वाचून वाटलं, पहिल्या दिवशीही एवढंच होतं. पण हा भाग सारखा चढ-उतार आहे. प्रत्येक काला, म्हणजे डोंगराच्या कुशीतला छोटा किनारा, आपला गोपाळकाला नव्हे, तर प्रत्येक काला म्हणजे एक उतार आणि एक चढ. आणि मधे एकही दुकान नाही, नळ नाही. प्रेगोंदाला लाल-सोनेरी दगड आणि हिरवं पाणी बघून मी तासभर पोहत बसले. दोन लिटर पाणी घेतलं होतं. काला पिलारच्या चढावर दुपारी अडीचला ते संपलं. टाचेला फोड आला होता तो फुटला. फोनला रेंज नाही. अजून निदान दोन तास चालायचं.

घाबरले असं नाही म्हणणार, पण रडू आलं. एका पाइनच्या सावलीत बसले होते तेव्हा मागून टापांचा आवाज आला. दोन बायका, दोन काळे घोडे. मेनोर्काचे घोडे काळेच असतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, एकीने खोगिराच्या पिशवीतून अर्ध्या लिटरची बाटली काढून दिली. मी परत करायला गेले तर हातानेच 'ठेव' म्हणाली. घोड्यांची वाट हे नाव मला पाच दिवस इतिहासातलं वाटत होतं. त्या दिवशी ते नाव आणि पाणी दोन्ही एकदमच आलं.

तर लिहून घ्या: उत्तर बाजूला माणशी किमान तीन लिटर पाणी. टोपीला दोरी. जुने, पायात मुरलेले बूट. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले, जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार. बेटावर मोकळ्यावर तंबू ठोकायला बंदी आहे, तेव्हा मुक्काम आधी ठरवा. भारतातून जाणार असाल तर स्पेनचा शेंगेन व्हिसा लागेल, आणि बार्सिलोनाहून विमान किंवा बोट. एकट्या मुलींनी विचारलंय म्हणून सांगते, मला एकदाही असुरक्षित वाटलं नाही. पण दुपारी कोणी भेटेलच असं धरून चालू नका.

अल्गायारेन्सला गाडीतळावर टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर पन्नाशीचा, इंग्रजी माझ्या स्पॅनिशपेक्षा बरं. माझी अवस्था बघून त्याने आधी पाणी दिलं, मग गप्पा सुरू केल्या. म्हणाला, मी लहान असताना आम्ही या किनाऱ्यावर येऊ शकत नव्हतो, मधे फाटक होतं, कुलूपबंद. त्याचे वडील त्या निषेधाच्या पदयात्रांना जायचे आणि काका जायचे नाहीत, कारण काका ज्याच्याकडे कामाला होते त्याच्याच जमिनीतून वाट जायची. दोघे भाऊ काही वर्षं बोलत नव्हते. मी विचारलं, मग मालकांचं काय म्हणणं होतं? तो म्हणाला, त्यांचंही चुकत नव्हतं पूर्ण. लोक फाटक उघडं टाकतात, गायी बाहेर जातात, कचरा करतात. म्हणून तर आता प्रत्येक ठिकाणी लावता येईल असं फाटक आहे. पूर्वी फाटक होतं ते अडवायला, आता आहे ते जाऊ द्यायला.

मग त्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे असतात का अशा वाटा?"

मी म्हटलं, "हो, खूप. पाणंद म्हणतात."

आणि पुढे मला काही बोलता येईना.

आता ती गोष्ट. आमचं गावाकडे तीन एकर रान आहे. कडेने, बांधाला लागून, एक पायवाट जायची. मोठी पाणंद म्हणता येणार नाही, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी. पलीकडे तात्यांचं रान आणि त्यांची वस्ती. तात्या आमच्या भावकीतलेच. त्यांच्या घरातली माणसं गावात यायला, बायका वैरण आणायला, पोरं शाळेला याच वाटेने यायची. किती वर्षांपासून? आजीच्या लग्नाची वरात त्या वाटेने आली होती, एवढं मला माहीत आहे.

पाच वर्षांपूर्वी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रानाला तारेचं कंपाउंड घातलं. आलं लावलं होतं, शेळ्या शिरायच्या, एकदा रात्री कोणीतरी दोन सरी आलं उपटून नेलं. मग मोटरसायकली यायला लागल्या, वाट रुंद व्हायला लागली. अण्णा म्हणायचे, आज पायवाट, उद्या ट्रॅक्टर, परवा डांबर. त्यांची भीती खोटी नव्हती, तीन एकराच्या शेतकऱ्याला दोन फूट म्हणजे थोडं नसतं. कंपाउंडमध्ये वाट बंद झाली. तात्यांच्या माणसांना आता ओढ्याकडून फिरून यावं लागतं, दीड किलोमीटर जास्त. पावसाळ्यात ओढा भरला की त्याहून जास्त.

आणि मंडळी, त्या तारेचे पैसे मी दिले होते. माझ्या पहिल्या बोनसमधून. मोजणी मीच केली होती, फोनवरच्या अ‍ॅपने. किती खांब लागतील, किती मीटर तार, एक्सेल शीट करून पाठवली होती अण्णांना. मला अभिमान वाटला होता की घराला काहीतरी उपयोगी दिलं. वाटेचा प्रश्न तेव्हा निघाला होता, आई म्हणाली होती, "तात्यांच्या सुनेनं डोक्यावर भारा घेऊन कुठनं यायचं?" मी म्हटलं होतं, "आई, सातबाऱ्यावर नावं आपली आहेत." विषय संपवला होता.

सहाव्या दिवशी २३ किलोमीटर चालायचं होतं, फोड बांधून. आधी काला मोरेल, तिथे खडकात कोरलेल्या प्राचीन दफनगुहा आहेत, लेण्यांसारख्या. मग पुंता नातीचं दीपगृह. १९१० मध्ये एक फ्रेंच जहाज वादळात या कड्यावर आपटलं, एकच माणूस वाचला, त्यानंतर तीन वर्षांनी हे दीपगृह झालं. तिथून पुढे दगडाशिवाय काही नाही. मैलोनमैल दगडी भिंती. शेतातले दगड वेचून वेचून घातलेल्या. अशा कोरड्या दगडी बांधकामाची कला २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, स्पेनसकट आठ देशांची मिळून.

आणि त्यातल्या काही भिंतींना पायऱ्या आहेत. भिंत बांधतानाच मधे मधे लांब दगड घालायचे, ते दोन्ही बाजूंना बाहेर येतात, त्यावर पाय देऊन माणूस पलीकडे जातो. मेंढी जात नाही, माणूस जातो. मी एका अशा पायरीवर बराच वेळ बसले. भिंत घालणाऱ्याने, भिंत घालतानाच, विचार केला होता की कोणीतरी पलीकडे जाणार आहे. माझ्या एक्सेल शीटमध्ये खांब होते, तार होती, मजुरी होती. तो रकाना नव्हता.

मी तिथेच, रेंज होती म्हणून, कायदा वाचत बसले. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा. त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तात्यांनी मागितली नाही. भावकीत तहसील कशाला, म्हणाले असतील. म्हणजे आम्ही त्यांच्या चांगुलपणाचा फायदा घेतला, आणि सहा महिने कधीच उलटून गेले. आणि इकडे मी, कोण कुठली, दुसऱ्यांच्या रानांतून सहा दिवस हक्काने चालले होते आणि फाटकांचे फोटो काढत होते.

सिउतादेयाला संध्याकाळी पोचले. बंदराच्या पायऱ्यांवर बूट काढून बसले आणि अण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा. ते घाबरलेच.

"काय गं, बरी हाईस ना?"

म्हटलं, बरी आहे, चालून झालं. मग म्हटलं, "अण्णा, तात्यांची वाट उघडूया."

बराच वेळ काही नाही. मग, "कशाला आता ते उकरून काढतीस? पाच वर्षं झाली."

मी फाटकांचं सांगितलं. ते म्हणाले, "लोकं लावत न्हाईत फाटक. तू तिकडच्या लोकांचं सांगू नकोस." म्हटलं, आपोआप लागणारं बसवू, स्प्रिंगचं, माणूस जाईल, शेळी नाही जाणार, मोटरसायकल तर नाहीच जाणार. म्हणाले, "आणि उद्या तात्यानं कागद केला तर?" म्हटलं, कागद आपणच करू. पायवाट तेवढी त्यांच्या वापराला, जमीन आपली, रुंदी अमुक, असं लिहून देऊ. ते काही बोलले नाहीत. मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतीय?" अण्णांनी तिला सांगितलं नाही. मला म्हणाले, "झोप आता. पाय बघ आधी तुझे."

आजीच्या प्रश्नाचं उत्तर हे. पोचायचं कुठं, तर त्या फोनपर्यंत.

हे सांगताना मला वाटत होतं की शेवटी फाटक बसलं असं सांगता यावं. नाही बसलेलं. परवा आईचा फोन आला होता, तिने सांगितलं की अण्णा कोरेगावला गेले होते तेव्हा वेल्डरकडे थांबले आणि अडीच फुटी फाटकाला किती पडतील ते विचारून आले. मला त्यांनी हे सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. दिवाळीला मी घरी जातेय. तात्यांकडे फराळाला जायचं आहे, ओढ्याकडून फिरून, त्या दीड किलोमीटरने. त्यांच्यासमोर मला हेही म्हणायचं आहे की तारेचे पैसे माझे होते. त्यांना हे माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही.

फाटक बसलं तर सांगेन. नाही बसलं तरी सांगेन.

तोपर्यंत, कुठल्या रानातून, कुठल्या गावातून चालत असाल तर फाटक लावून घ्या. आणि स्वतःच्या रानाला कुंपण घालत असाल तर आधी विचारा, इथून कोण जातं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.